गुरुवारची सुट्टी आणि नऊ गाणी: एका हार्डकोर मेटल बँडचा पहिला अल्बम

मी पुण्यात घरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. ज्या बँडबद्दल लिहितोय त्यांच्या परवानगीने लिहितोय. बँडचं, माणसांचं आणि गाण्यांचं नाव कुठेही दिलेलं नाही. आकडे माझ्या वहीतले आहेत. सुरुवातीच्या चुकीत माझा वाटा मोठा होता, म्हणून तिथे जरा जास्त वेळ थांबणार आहे.

पार्श्वभूमी

पिंपरी-चिंचवडचे पाच जण: गायक, दोन गिटार, बेस, ड्रम्स. चौघं मुलगे आणि बेसवर एक मुलगी. चार वर्षं एकत्र वाजवत होते. संगीत हार्डकोर मेटल, म्हणजे हार्डकोर पंकसारखी दोन-अडीच मिनिटांची गाणी, घसा फाडून ओरडणं, आणि त्याखाली मेटलचं खाली उतरवलेलं ट्यूनिंग आणि डबल किक, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवलेला मोठा ड्रम. गाणी मराठीत. ओव्हरटाइम, कंत्राटावरची नोकरी, बसस्टॉपवरची भांडणं, एक गाणं फक्त भाडेकरारावर. नऊ गाणी मिळून चोवीस मिनिटांच्या आत.

सराव चालायचा भोसरी एमआयडीसीत, गायकाच्या वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात. तोही गुरुवारीच, कारण या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्यांना नोकरीतून गुरुवार मिळायचा नाही ते शिफ्ट बदलून घ्यायचे किंवा दांडी मारायचे.

मेटल आणि पत्रा यांचं नातं जुनं आहे. ब्लॅक सॅबथ या मेटल बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याची दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यातच गेली, तीही नोकरीच्या शेवटच्या दिवशी. डाव्या हाताने वाजवणारा माणूस, त्यामुळे उजव्या हाताची, म्हणजे तारा दाबायची बोटं गेली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं बनवली आणि पुढे तारा सैल करून वाजवायला लागला. हे मी पोरांना सांगितलं तेव्हा गायकाचे वडील शेजारी चहा पीत होते. त्यांनी आपली करंगळी वर केली. वरचं पेर नव्हतं. "मी नाही हो गिटार शिकलो," म्हणाले.

अल्बमसाठी पाच जणांनी पगारातून आणि गिग्जमधून ८५,००० रुपये जमवले होते. सप्टेंबरच्या एका कार्यक्रमात सीडी विकायला ठेवायची, हे आधीच जाहीर करून बसले होते.

मार्च-एप्रिलमध्ये तीन वीकेंड माझ्याकडे रेकॉर्डिंग झालं. माझी खोली बारा बाय दहा. तिथे खरे ड्रम्स वाजवले तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात. म्हणून ड्रमर इलेक्ट्रॉनिक किटवर वाजवला आणि आवाज सॅम्पलचे, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या ड्रम्सचे, लावले. गिटार थेट इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डब्यात, अॅम्प सॉफ्टवेअरमधला. सगळे जण हेडफोनमधल्या क्लिकवर, म्हणजे लय धरून ठेवणाऱ्या टकटकीवर, एकामागून एक. ३८,००० रुपये खर्च झाले.

अडचण

मिक्स ऐकायला सगळे ड्रमरच्या गाडीत बसलो. नऊ गाणी संपली. कुणी काही बोलेना. शेवटी ड्रमर म्हणाला, "दादा, भारी झालंय. पण हे आपण नाही आहोत."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मिक्स स्वच्छ होतं. प्रत्येक किक कळत होती, दोन्ही गिटार दोन बाजूंना नीट बसल्या होत्या. कुठल्याही स्टुडिओवाल्याला दाखवलं असतं तरी खाली मान घालायची वेळ आली नसती. मी म्हटलं, आठ दिवस कान थंड होऊ द्या.

त्या आठ दिवसांत बेसवालीने गाळ्यातल्या सरावाचं फोनवर केलेलं एक रेकॉर्डिंग पाठवलं. आवाज फाटलेला, बेस जवळपास नाहीच. तरी तिसऱ्या गाण्याला माझी मान हलली. माझ्या मिक्सला ती एकदाही हलली नव्हती.

मग दोन्ही शेजारी ठेवून मोजायला बसलो. चौथं गाणं आम्ही १८४ बीपीएमच्या (मिनिटाला १८४ मात्रांच्या) क्लिकवर बांधलं होतं. गाळ्यात तेच गाणं १८४ ला सुरू होऊन दुसऱ्या कडव्यापर्यंत १९६ वर जात होतं. पुढे ब्रेकडाउन येतो. हार्डकोर ऐकणाऱ्यांना सांगायला नको, पण इतरांसाठी: धावणारं गाणं अचानक अर्ध्या लयीत पडतं आणि समोरची गर्दी एकमेकांच्या अंगावर जाते, ती जागा. तिथे क्लिकवर लय बरोबर ९२ होती. गाळ्यात ती ८४ पर्यंत खाली बसत होती. म्हणजे चढही जास्त आणि पडणंही जास्त. आम्ही दोन्ही कापून सपाट रस्ता केला होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट ब्रेकडाउनच्या आधीच्या शांततेची. क्लिकवर ती नेमक्या दोन मात्रांची. गाळ्यात प्रत्येक वेळी वेगळी, कधी दोन, कधी पावणेतीन. मी ड्रमरला विचारलं, किती थांबायचं हे कसं ठरवतोस? तो म्हणाला, "मी ह्याच्या मानेकडे बघतो," आणि गिटारवाल्याकडे बोट दाखवलं. गिटारवाल्याची मान खाली जायला लागली की काठी पडते. माझ्या खोलीत ते दोघं वेगवेगळ्या रविवारी वाजवले होते. मान दिसणार कुठून?

डबल किकचंही तसंच. २०० बीपीएमला एका मात्रेत चार ठोके म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ७५ मिलिसेकंद. मी प्रत्येक ठोका उचलून ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या लयीच्या आखीव रेषांवर, बसवला होता, सगळे ठोके एकाच ताकदीचे. शिवणयंत्र चालावं तसं वाजत होतं.

रेकॉर्डिंग ठरवण्याआधी मी एकदाही गाळ्यात गेलो नव्हतो. त्यांना एका गिगमध्ये पाहिलं होतं, तेही मागच्या बाजूला उभं राहून. या प्रकरणातली पहिली चूक ती. सॉफ्टवेअर, क्लिक, सॅम्पल वगैरे सगळं त्यानंतरचं.

समोरचे रस्ते

मे महिन्यात आम्ही सहा जण बसलो. हातात ४७,००० रुपये आणि चार महिने.

आहे तेच काढायचं, हा पहिला रस्ता. गायक याच बाजूचा होता. त्याचं म्हणणं, तारीख दिलीय, पुढचा अल्बम आहेच की. चुकीचं म्हणत नव्हता. पहिल्या अल्बमवर अडकून फुटलेले बँड मी पाहिलेत.

दुसरा रस्ता माझा लाडका होता: आहे तेच घाण करायचं. डिस्टॉर्शन वाढवायचं, ड्रम्स टेप सॅच्युरेशनमधून काढायचे, सगळ्याला एका खोलीचा घुमारा द्यायचा. दोन रात्री खपून तीन गाणी केली. नवी जीन्स ब्लेडने फाडून घातल्यासारखं झालं. भोकं होती, पण चुकीच्या जागी.

तिसरा, मोठ्या लाइव्ह रूमचा स्टुडिओ. एका ठिकाणी दिवसाला १८,००० सांगितले. दोन दिवसांचे छत्तीस हजार, वर मिक्सिंग, मास्टरिंग, सीडी. बसत नव्हतं. शिवाय अनोळखी जागेत दोन दिवसांत नऊ गाणी, घड्याळाकडे बघत.

चौथा, गाळ्यातच सगळ्यांनी एकत्र वाजवायचं आणि तेच टेक ठेवायचे.

दुसऱ्या गिटारवाल्याने मधला मार्ग काढला. चार गाणी स्वच्छ, पाच गाळ्यातली, सीडीच्या दोन बाजू असल्यासारखी. नेपाम डेथ या इंग्लिश बँडच्या १९८७ च्या पहिल्या अल्बमचा दाखला दिला. त्याची पहिली बाजू ऑगस्ट १९८६ मध्ये आणि दुसरी मे १९८७ मध्ये रेकॉर्ड झालेली, आणि दोन्हींत समान माणूस एकच, ड्रमर मिक हॅरिस. दाखला खरा होता, लागू पडत नव्हता. त्या दोन बाजूंवर बँड त्या-त्या वेळी जसा होता तसा आहे. आमच्या चार गाण्यांवर बँड कधीच नव्हता. मी तसं म्हटलं आणि त्याने सोडून दिलं. त्या बैठकीत मी केलेलं हे एकच बरं काम.

चौथ्या रस्त्याकडे सगळे झुकत असताना बेसवालीने विचारलं, "आणि वाईट झालं तर? मग काय सांगायचं, रॉ आहे म्हणून?"

प्रश्न बरोबर जागी लागला. आपल्याकडे रॉ हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. ट्यूनिंग गेलंय, रॉ आहे. शब्द कळत नाहीत, रॉ आहे. मराठीत कच्चं म्हटलं तर कैरीही कच्ची आणि मधे पिठूळ राहिलेली पोळीही कच्चीच. कैरीला कुणी नावं ठेवत नाही. पोळी मात्र तव्यावर परत टाकावी लागते.

म्हणून त्याच संध्याकाळी एक यादी केली, वहीच्या पाठकोऱ्या पानावर. चालेल त्यात: लय वर-खाली होणं, एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणं, तारेवरून बोट घसरल्याचा आवाज, काउंट-इन, शिवी. चालणार नाही त्यात: बेसूर तार, चुकलेली सुरुवात, मेलेल्या आवाजाचा स्नेअर (काठीने वाजवायचा मुख्य ड्रम), आणि प्रत्येक गाण्याची पहिली ओळ न कळणं. शेवटचा मुद्दा गायकाने स्वतः घातला. आधी विरोधात असलेला माणूस यादी करायला बसला की काम निम्मं होतं, असा माझा अनुभव आहे.

काय केलं

जूनचे सगळे गुरुवार तयारीत गेले. लोकांना वाटतं कच्च्या रेकॉर्डिंगला तयारी कमी लागते. माझ्या खोलीत जितकी केली त्याच्या तिप्पट इथे लागली, कारण नंतर दुरुस्तीला जागाच राहणार नव्हती.

गाळा चाळीस बाय पंचवीस फूट, वर पत्रा. टाळी वाजवली की आवाज चार वेळा परत यायचा. प्रत्येकाच्या घरून गोधड्या आल्या, मंडपवाल्याकडून गाद्या भाड्याने आणल्या. पण खरं काम केलं मशीन पुसायच्या बनियन वेस्टच्या पोत्यांनी. अठरा पोती कोपऱ्यांत छातीपर्यंत रचली आणि बेसची गुरगुर आटोक्यात आली. फोमच्या पॅनलवर मी जेवढे पैसे घातलेत ते आठवून त्या दिवशी वाईट वाटलं.

मग एक झिणझिण यायला लागली. किक पडली की कुठूनतरी बारीक धातूचा आवाज. अर्धा तास सगळे कान लावून फिरलो. भिंतीशी सीआर शीटचा गठ्ठा उभा होता, त्यातले वरचे दोन पत्रे थरथरत होते. काकांनी, म्हणजे गायकाच्या वडिलांनी, मधे रबराच्या पट्ट्या सरकवल्या. गिटारच्या अॅम्पमधली पन्नास हर्ट्झची घरघर मात्र दोन गुरुवार पुरली. वेल्डिंग मशीनची लाइन बंद केली, ट्यूबलाइट काढून एक साधा बल्ब लावला, शेवटी इलेक्ट्रिशियनने अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं, तेव्हा गेली.

गिटारचा प्रश्न वेगळा होता. दोघांकडेही बेहरिंगरचं एचएम३०० पेडल, म्हणजे गिटारचा आवाज फाडणारा पायाखालचा डबा. बॉसच्या एचएम-२ ची ती स्वस्त नक्कल. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत एंटूम्बड या स्वीडिश बँडने १९९० च्या पहिल्या अल्बमवर तो आवाज वापरला, चारही बटणं शेवटपर्यंत फिरवून, आणि करवतीसारखी ती गिटार जगभर गेली. आमच्या दोघांनाही तीच हवी होती. एकट्याने वाजवली की अंगावर काटा. दोघांनी वाजवली की गिरणीत बसल्यासारखं, रिफ कुठला ते कळेना. फार वाद झाला. नाणं उडवायचं ठरलं होतं, पण दुसऱ्याने आपणहून पेडल काढलं आणि अॅम्पच्याच डिस्टॉर्शनवर वाजवला. मिक्समध्ये कडा आहे ती त्याच्या गिटारची. तारा दोघांच्या १२-६० जाडीच्या, बी ट्यूनिंगला, आणि दोन्ही गिटारचं इंटोनेशन (मानेवर कुठेही दाबलं तरी सूर बरोबर लागणं) आदल्या दिवशी पुन्हा करून घेतलं.

माझ्या इंटरफेसला आठच इनपुट. किक, स्नेअर, ड्रम्सच्या वर दोन, दोन गिटार, बेसची थेट लाइन आणि एक माइक सात मीटरवर खोलीसाठी. वरचे दोन माइक स्नेअरपासून सुतळीने मोजून सारख्या अंतरावर टांगले. आवाज एका मिलिसेकंदात साधारण चौतीस सेंटिमीटर जातो. स्नेअरपासून दोन माइकांची अंतरं सारखी नसली की स्नेअर दोनदा पोचतो आणि पोकळ होतो. खोलीचा माइक वीस मिलिसेकंद मागे होता. तो सरकवून जुळवायचा नाही असं ठरवलं, कारण गाळा किती मोठा आहे ते त्या वीस मिलिसेकंदांतच ऐकू येत होतं.

आठात गायकाला जागा उरली नाही. ठरलं असं: तो मधे उभा राहून माइकशिवाय ओरडेल, म्हणजे सगळ्यांना गाणं कुठे आहे ते कळेल, आणि खरा आवाज पुढच्या गुरुवारी स्वतंत्र घ्यायचा. काका म्हणाले, "एवढं ओरडायचंय तर माइक कशाला, शेडवर भोंगा आहे तो वाजवा." गायकाने माइकशिवाय मधे ओरडायचं, हा निर्णय पुढे महागात पडला.

एका गाण्याला जास्तीत जास्त चार टेक. दोन टेकचे तुकडे जोडायचे नाहीत. क्लिक फक्त गाणं सुरू व्हायच्या आधी आठ मात्रा, ड्रमरच्या एकट्याच्या कानात, मग बंद. सगळ्यात अवघड गाणं दुसऱ्या क्रमांकावर, हात तापलेले आणि अजून सोललेले नसताना.

जुलैतल्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊला सुरुवात केली. दुसऱ्या गाण्याचा तिसरा टेक भन्नाट चालला होता आणि किकच्या माइकमध्ये मधेच एक धप्प. पुन्हा धप्प. पलीकडच्या गाळ्यात तातडीच्या ऑर्डरसाठी पॉवर प्रेस चालू होता आणि त्याचा ठोका जमिनीतून येत होता. काका गेले, दहा मिनिटांनी आले. पलीकडच्यांनी जेवणाची सुट्टी साडेअकराला घेतली आणि आम्ही तेवढ्यात तीन गाणी काढली. एवढ्या घाईत घेतलेली ती तीन अल्बममधली सगळ्यात चांगली आहेत. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

साडेतीनला पत्र्यावर पाऊस आला. अॅम्प चालू असताना ऐकू येत नव्हता, पण शेवटच्या गाण्याची सुरुवात नुसत्या एका गिटारची आहे. दोन तास वडापाव खात थांबलो. कमी झाला, थांबला नाही. तसंच घेतलं. ब्लॅक सॅबथचा १९७० चा पहिला अल्बम पावसाने आणि घंटेने सुरू होतो, तो पाऊस वरून लावलेला. आमचा खरा होता आणि ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून डाउनलोड केला.

पहिल्या दिवशी सहा गाणी, दुसऱ्या गुरुवारी तीन. दुसऱ्या दिवशी ड्रमरच्या बोटांना इन्शुलेशन टेप गुंडाळलेली होती, काळी, वायरमनची.

तिसऱ्या गुरुवारी गायकाचा आवाज घेतला. इथे एक गोष्ट शिकलो जी इंग्रजीत ओरडणाऱ्या बँडबरोबर कधी लक्षात आली नव्हती. मराठीत ओरडताना भ, फ, ठ, घ यांच्याबरोबर हवेचा मोठा झोत बाहेर पडतो आणि माइक फटफटतो. "भाडं" हा शब्द एका गाण्यात चौदा वेळा होता. माइक तोंडासमोरून काढून कपाळाच्या उंचीवर, खाली वाकवून लावला तेव्हा जमलं. दुसरी अडचण ळ ची. पूर्ण ताकदीने ओरडताना जीभ मागे वळायला वेळ मिळत नाही आणि "जळतंय" चं "जलतंय" होतं. त्याने तो एक शब्द वीसेक वेळा म्हटला असेल. शेवटी ओळ इतकी हळू केली की ळ पोचला.

मग तो महागात पडलेला निर्णय समोर आला. गायक मधे उभा राहून नुसता ओरडला होता, तो आवाज ड्रम्सच्या वरच्या माइकमध्ये पुसट पण स्पष्ट होता. आणि दोन आठवड्यांत त्याने सहाव्या गाण्याची एक ओळ बदलली होती. नवी ओळ वर, जुनी ओळ खाली, दोन्ही एकदम. जुनी ओळ काढता येत नव्हती, तिच्याबरोबर झांजाही गेल्या असत्या. नवी ओळ चांगली होती, यात वाद नाही. तरीही जुनीच पुन्हा गायली. आज ते गाणं वाचताना कमकुवत वाटतं, ऐकताना मात्र त्या जागी एकाच माणसाचे दोन आवाज येतात आणि लोक विचारतात कसं केलं.

मिक्समध्ये मी एकदा चोरी केली. तिसऱ्या गाण्यात स्नेअरच्या खालच्या तारांची पट्टी सैल झाली होती आणि शेवटच्या मिनिटात स्नेअर पुठ्ठ्यासारखा वाजत होता. आमच्याच यादीप्रमाणे चालणार नाही त्यातला प्रकार. टेक सुरू असताना कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मी गुपचूप खाली एक सॅम्पल लावलं, अगदी बारीक. ड्रमरने पहिल्यांदाच ऐकताना हात वर केला. "दादा, हा माझा स्नेअर नाही." काढलं. पुठ्ठा राहिला.

मास्टर, म्हणजे अल्बमची शेवटची तयार प्रत, पहिल्यांदा फार जोरात केला होता, उणे सहा एलयूएफएसच्या आसपास (कानाला जाणवणारा जोर मोजायचं एकक; आकडा शून्याच्या जेवढा जवळ तेवढा आवाज मोठा). स्पॉटिफाय सगळं उणे चौदाच्या जवळ आणून वाजवतं, म्हणजे आम्ही झांजा चिरडून जो आवाज मिळवला तो तिथे परत खाली जाणार. दुसरा मास्टर उणे नऊला थांबवला. गायकाला तो आजही हळू वाटतो.

निकाल

दुसऱ्या रेकॉर्डिंगचा, मास्टरचा आणि सीडीचा मिळून खर्च ४१,५००. पहिले ३८,००० धरले तर एकूण ७९,५००. दीडशे सीडी सप्टेंबरच्या कार्यक्रमाला वेळेत आल्या. वर्षभरात एकशे बारा गेल्या, बाकीच्या ड्रमरच्या घरी माळ्यावर आहेत. ऑनलाइन पैसे नाव घेण्याजोगे आले नाहीत.

ऐकणाऱ्यांचं मत फाटलेलं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मी ओळखीच्या काही जणांना दोन्ही आवृत्त्या न सांगता ऐकवल्या. फोनच्या स्पीकरवर बहुतेकांनी पहिली, स्वच्छ निवडली. तिथे गाळ्यातल्या रेकॉर्डिंगचा बेस गायब होतो आणि झांजा टोचतात. मोठ्या स्पीकरवर बहुतेक उलट बोलले. बँडचे श्रोते बसमध्ये, फोनवर ऐकणारे आहेत, हे मी मास्टर करताना लक्षात घ्यायला हवं होतं. स्टुडिओतल्या एका मित्राने "डेमो छान आहे, अल्बम कधी?" असं विचारलं. उत्तर मी अजून शोधतोय.

गिगमध्ये फरक पडला. अल्बम ऐकून आलेल्या लोकांना चौथ्या गाण्यातली ती शांतता माहीत असते. आता ती लांबते, कारण गर्दीही गिटारवाल्याच्या मानेकडे बघते.

चार महिन्यांनी ड्रमर शिकायला जर्मनीला गेला. तेव्हा वितरणाच्या फॉर्मवर प्रश्न आला: मास्टरचा मालक कोण? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. आमच्याकडे पुढाकार पाच जणांचा, जबाबदारी कुणाचीच कागदावर नाही. भांडण झालं नाही, पण तीन आठवडे व्हिडिओ कॉलवर जो अवघडलेपणा होता तो भांडणापेक्षा बरा नव्हता. शेवटी पाच सारखे वाटे लिहून सगळ्यांनी सह्या केल्या.

आज पुन्हा करायचं झालं तर

पैसे ठरवण्याआधी दोन गुरुवार गाळ्यात जाऊन नुसतं बसेन. ३८,००० रुपये त्यात वाचले असते.

क्लिकला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. प्रत्येक गाण्याची लय कुठे चढते, कुठे पडते ते सरावाच्या रेकॉर्डिंगवरून मोजून तसाच हलता क्लिक बनवता आला असता. कदाचित माझ्या खोलीतलं रेकॉर्डिंगही त्याने जिवंत झालं असतं. कदाचित, कारण मान तरीही दिसली नसती.

गायकासाठी नववा इनपुट. माइकचा आवाज वाढवणारा एक छोटा प्रीअॅम्प भाड्याने हजाराच्या आत मिळाला असता. त्याचे शब्द त्याच दिवशी, त्याच खोलीत पक्के झाले असते, आणि ते दोन आठवडे ओळी बदलायला मिळाले नसते. शब्द गोठवायची तारीख ठेवायला हवी होती, हा खरा धडा गायकाच्या मते. माझ्या मते प्रीअॅम्पचा. आम्ही यावर अजून भांडतो.

स्नेअर दोन न्यायचे. प्रत्येक टेकनंतर फक्त स्नेअर दहा सेकंद एकटा ऐकायचा. आणि सह्यांचा कागद पहिल्या चहाच्या आधी.

चार टेकच्या मर्यादेबद्दल माझं मत पक्कं होत नाही. पाचव्या गाण्याचा पाचवा टेक मिळाला असता तर बेसवालीची एक चूक गेली असती. ती म्हणते, तो टेक तिला नको होता.

दुसऱ्या अल्बमची सहा गाणी तयार आहेत, नव्या ड्रमरबरोबर. मागच्या आठवड्यात फोनवर केलेलं एक रेकॉर्डिंग आलं. नवा ड्रमर लय अजिबात सोडत नाही, ब्रेकडाउनलाही नाही, आणि गिटारवाल्याची मान आता वेगळ्याच ठिकाणी खाली जात असावी. मागे पलीकडचा प्रेस धपधप करतोय. येत्या गुरुवारी जाणार आहे. माइक नेत नाहीये.